लॅपटॉपचा ताप : तीनदा उघडला तेव्हा कळलं

मे अखेर, डिचोली. खोलीत ३३ अंश. सहा वर्षांचा लॅपटॉप नुसता चालू ठेवला तरी ५८ अंशांवर, आणि व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की दोन मिनिटांत ९७. मग प्रोसेसर आपणहून वेग उतरवायचा, ३.४ गिगाहर्ट्झवरून थेट १.८. पंखा मात्र चोर्ला घाट चढणाऱ्या ट्रकसारखा कण्हत राहायचा.

जूनच्या पहिल्या रविवारी उघडला. तळाचे अकरा स्क्रू, त्यातले दोन आखूड. कागदावर लॅपटॉपचा आराखडा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवला. बॅटरीची पिन आधी काढली. पंख्याच्या तोंडाशी, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) तांब्याच्या पट्ट्यांवर, धुळीची लादी बसली होती. चिमट्यानं एक कोपरा ओढला तर अख्खी उचलून आली, नमद्याच्या तुकड्यासारखी. रंग करडा नव्हे, तांबूस. आमच्या रस्त्याची माती. ही लादी पंखा आणि पट्ट्यांच्या मध्ये असते, त्यामुळे बाहेरून ब्लोअर मारून ती निघत नाही. आणि ब्लोअर मारायचाच तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं.

प्रोसेसरची चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये उष्णता पुढे नेणारी पेस्ट असते, ती जुनी पेस्ट खडूसारखी वाळली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नवी लावली. शेजारच्या छोट्या चिपांवरचे थर्मल पॅडही (उष्णता वाहून नेणारे मऊ तुकडे) चुरगळले होते. घरात १ मिलिमीटरचे पडून होते, तेच कापून लावले. इथेच माती खाल्ली.

एक्स्पोर्ट लावला : ९९. आधीपेक्षा वाईट! पेस्ट निकृष्ट असणार म्हणून दुसरी मागवली, पुन्हा उघडला, पुन्हा ९९. आई म्हणाली, "आधी निदान चालत तरी होता."

तिसऱ्या वेळी मात्र हीटसिंक काढल्यावर लगेच पुसला नाही. टॉर्च तिरका धरून पेस्टचा ठसा बघितला. चिपच्या एका कडेला पेस्ट दाबून पातळ झालेली, दुसऱ्या कडेला मी ठेवला होता तसाच गोळा. म्हणजे हीटसिंक त्या बाजूला टेकतच नव्हता. जाड पॅडनं त्याला उचलून धरलं होतं. जुना पॅड केराच्या डब्यातून शोधून काढला आणि त्याची न दबलेली कड व्हर्नियरनं मोजली : ०.५. आधी मोजायला काय झालं होतं!

०.५ चे पॅड आले तोवर पाऊस लागला. पेस्टऐवजी या वेळी फेज चेंज शीट वापरली. ती साधारण ४५ अंशांच्या पुढे मऊ होऊन पसरते आणि पेस्टसारखी हळूहळू बाहेर सरकत नाही. कापण्याआधी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर प्लास्टिकचा थर सोलताना शीटच सोबत येते. (माझा पहिला तुकडा असाच गेला.) हीटसिंकचे स्क्रू १-२-३-४ या क्रमानं, प्रत्येक अर्धा अर्धा फेरा. हीटसिंकच्या तांब्याच्या नळीला वाकवू नका : आत थोडंसं पाणी असतं, ते गरम टोकाला वाफ होऊन थंड टोकाला परत पाणी होतं. नळी चेपली की हा प्रवास अडतो.

शेवटचा प्रयोग उदबत्तीचा. तळाच्या जाळीशी धूर धरला तर आत ओढला जायचा, पण बाजूच्या फटीजवळ बाहेर पडणारी गरम हवाही पुन्हा आतच वळत होती. पंख्याच्या तोंडाभोवती ३ मिलिमीटरच्या मऊ फोमची चौकट चिकटवली, म्हणजे पंखा जाळीतूनच हवा घेईल. पात्याला फोम घासत नाही ना, हे हातानं पंखा फिरवून आधी बघितलं.

आता त्याच एक्स्पोर्टला ८१ अंश, वेग ३.१ वर टिकून. खोली मात्र २८ वर होती, तेव्हा १६ अंश कमावले असं मी म्हणणार नाही. खोलीचं तापमान वजा केलं तर आधी फरक ६४ होता, आता ५३, आणि तोही जास्त वेगानं काम करताना. यात एकट्या फोमचे ४. तो काढून पुन्हा चाचणी घेतली होती.

तळाच्या उजव्या कोपऱ्यातली एक प्लास्टिकची कडी तुटलीय. तिथे सध्या चिकटपट्टी आहे.