कोडिंग आणि गेमिंग, दोन्हींसाठी एकच डेस्कटॉप: पैसे कुठे घालायचे

डेस्कटॉप जमवायला बसलं की बहुतेक जण आधी प्रोसेसर ठरवतात. माझं सांगणं, आधी मॉनिटर ठरवा. ग्राफिक्स कार्डाला किती पिक्सेल रंगवायचे आहेत ते मॉनिटरवर ठरतं, आणि दिवसभर कोड वाचून डोळे किती शिणणार तेही. २७ इंचांत १०८०पी (१९२०×१०८० पिक्सेल) घेतलात तर इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल येतात, अक्षरांच्या कडा खरखरीत दिसतात. त्याच आकारात १४४०पी (२५६०×१४४०) घेतलात तर १०९ येतात आणि एडिटरमध्ये दोन फाइल शेजारी शेजारी नीट मावतात. आयपीएस पॅनल (बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारं), १६५ किंवा १८० हर्ट्झ (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं ते), एवढं पाहिलं तरी पुरे. ओएलईडीवर, म्हणजे ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो त्या पॅनलवर, गेम देखणे दिसतात हे खरं, पण रोज आठ-नऊ तास एकाच जागी तोच टास्कबार आणि तोच एडिटर उघडा राहणार असेल तर त्याचा डाग पडायची भीती असते. शिवाय बऱ्याच ओएलईडी पॅनलवर बारीक अक्षरांच्या कडेला रंग दिसतात. बजेट १०८०पीचंच असेल तर २४ इंच घ्या, २७ नको.

१४४०पी ठरलं की कार्ड जवळपास ठरतंच: १६ जीबी मेमरीचं एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय किंवा एएमडीचं रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी. इथे एक सापळा आहे. ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबी अशी दोन रूपांत येतात आणि नाव मात्र तेच. कोटेशनमध्ये नुसतं ‘५०६० टीआय’ लिहिलेलं असेल तर जीबी लिहून घेतल्याशिवाय होकार देऊ नका. ८ जीबी भरली की गेमचे टेक्स्चर (पृष्ठभागांची चित्रं) साध्या रॅममध्ये ढकलले जातात आणि तिथून ये-जा करताना खेळ मध्येच अडखळतो. सरासरी फ्रेम बऱ्या दिसतात, त्यामुळे दोष लवकर ध्यानात येत नाही. मशीन लर्निंगचं काम असेल तर कुडासाठी (कार्डावर गणितं चालवायचं एनव्हिडियाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) एनव्हिडियाच घ्या, उगाच झगडा नको. घरी लिनक्स वापरत असाल तर रेडिऑन सोयीचं, कारण त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. मात्र व्हॅलोरंटसारखे गेम लिनक्सवर चालतच नाहीत; ते खेळायचे तर विंडोज ठेवावंच लागेल.

प्रोसेसरवर फार विचार नको. एएमडीचा रायझन ५ ७६०० घ्या: ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॅट, कूलर खोक्यातच. मोठे सी++ किंवा रस्टचे प्रोजेक्ट रोज बिल्ड करत असाल तर ८ कोअरचा ७७०० घ्या, तिथे वाढीव पैसे वसूल होतात. ७५००एफ थोडा स्वस्त पडतो, पण त्यात अंतर्गत ग्राफिक्स नाही (इंटेलच्या एफ मॉडेलांचंही तसंच). उद्या ग्राफिक्स कार्ड वॉरंटीत गेलं आणि दोन-तीन आठवडे आलं नाही, तर ७६००वर मॉनिटर मदरबोर्डला जोडून ऑफिसचं काम चालू राहतं. ७५००एफवर स्क्रीन काळीच. घरून काम करणाऱ्याने तो फरकाचा पैसा वाचवू नये. मदरबोर्ड बी६५० किंवा बी८५० चिपसेटचा, चार रॅम स्लॉट, दोन एम.२ स्लॉट (एसएसडी थेट बोर्डावर बसवायच्या जागा) आणि मागे बायोस फ्लॅशबॅकचं (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे बायोस, मशीन सुरू न करता बदलायचं) बटण असलेला घ्या. सगळ्यात महागडा बोर्ड घेऊन मशीन जास्त पळत नाही.

रॅमवर मात्र थांबून विचार करा. ३२ जीबीच्या खाली जाऊ नका. विंडोजवर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) चालवलं की ते मशीनच्या निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकतं. १६ जीबीच्या मशीनवर म्हणजे ८. त्यावर डॉकरचे कंटेनर (आपापल्या वेगळ्या डब्यात चालणारे प्रोग्राम), अँड्रॉइड स्टुडिओ, त्याचा एम्युलेटर आणि ब्राउझरचे तीस टॅब आले की विंडोज रॅममधला डेटा एसएसडीवर हलवायला लागतं (पेजिंग) आणि टाइप केलेलं अक्षरसुद्धा उशिरा उमटतं. डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये मेमरीची मर्यादा घालता येते, जरूर घाला, पण ती मलमपट्टी आहे. २०२५च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरांच्या मागणीने रॅमचे भाव भडकलेत, त्यामुळे ‘आता १६ घेऊ, पुढे बघू’ असा मोह होतो. त्यापेक्षा कार्ड एक पायरी खालचं घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. कमी रॅमचा त्रास दिवसभर होतो, खालच्या कार्डाचा फक्त खेळताना, आणि तोही सेटिंग ‘अल्ट्रा’वरून ‘हाय’वर आणलं की बराचसा जातो.

रॅम घेताना १६ च्या दोन स्टिकचा एकच किट घ्या, डीडीआर५-६००० (हा वेग), सीएल३० (हा प्रतिसादाचा उशीर, कमी तेवढा बरा). प्रोसेसरकडून मोजल्यावर दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये त्या बसतात. पहिल्या दोन स्लॉटमध्ये शेजारी शेजारी बसवल्या तर प्रोसेसरकडे जायला दोनऐवजी एकच चॅनल (वाट) मिळतो आणि फ्रेम दिसण्याइतके घसरतात. पुढे आणखी दोन स्टिक टाकून ६४ करू, हा बेतही फसतो: चार स्टिक लावल्या की रायझन ७००० मालिकेचा अधिकृत वेग ३६०० वर येतो, आणि ६००० वर रेटायला गेलात तर मशीन सुरू होईलच याची खात्री नाही. ६४ लागणारच असतील तर आजच ३२ च्या दोन घ्या.

एसएसडी दोन. पहिली १ टीबी, पीसीआयई जेन ४, टीएलसी फ्लॅशची (प्रत्येक सेलमध्ये तीन बिट साठवणारी), सिस्टीम आणि कोडसाठी. दुसरी गेमसाठी, ती साधी असली तरी चालते. आजचा एकेक मोठा गेम १०० जीबीच्या पुढे जातो. स्वस्तातल्या क्यूएलसी (सेलमागे चार बिटच्या) एसएसडीची कॅश, म्हणजे तात्पुरती वेगवान जागा, भरली की लिहिण्याचा वेग धाडकन पडतो, म्हणून पहिली तसली नको. आणि वेगवान एसएसडी घेऊनही बिल्ड रेंगाळत असेल तर प्रोजेक्ट कुठे ठेवलाय ते पाहा: लिनक्सच्या टर्मिनलमधून विंडोजच्या सी ड्राइव्हवरचा कोड बिल्ड केला की हजारो बारीक फाइलींची दोन फाइल सिस्टीमच्या मध्ये ने-आण होते. रेपो डब्ल्यूएसएलच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये क्लोन करा, फरक लगेच दिसेल.

आता एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, ज्यावर आपल्याकडे हमखास कात्री चालते. हिशोब करू. ७६०० पूर्ण ताणावर ९० वॅटच्या आसपास, ५०६० टीआय १८०, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ६०-७०. एकूण साधारण ३४०. ६५० वॅटचा चांगला एसएमपीएस यात आरामात चालतो, ८५० ची गरज नाही. पण ‘८० प्लस ब्राँझ’ किंवा ‘गोल्ड’ हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. व्होल्टेज वरखाली झाल्यावर आतलं संरक्षण कसं वागेल ते सांगत नाही. त्यासाठी वॉरंटी बघा. पाच वर्षांहून कमी वॉरंटी असेल तर दुसरा बघा. मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) एसएमपीएस बदलताना जुन्या केबल कधीही तशाच ठेवू नका. टोक सारखं दिसलं तरी एसएमपीएसकडच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते, आणि एका चुकीच्या केबलने एसएसडी जळतात.

ठाणे-नवी मुंबईत पावसाळ्याच्या पहिल्या जोरदार सरीला लाइट जाते, येते, पुन्हा जाते. हे झटके मशीनला नुसत्या अंधारापेक्षा वाईट. यूपीएस घेताना व्हीए नव्हे, वॅट वाचा: ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो, आणि ३४० च्या मशीनला मॉनिटर जोडला की गेम चालू असताना लाइट गेल्यावर तो ओव्हरलोड होऊन सगळंच बंद पाडतो. १००० व्हीए, ६०० वॅटचा घ्या. त्यावर वाय-फायचा राउटरही लावा, नाहीतर मशीन चालू आणि मीटिंग बंद. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, ते धरून चाला. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचा ‘यूपीएस’ मोड चालू आहे ना ते बघा. दुसऱ्या मोडवर तो इतका सावकाश बदलतो की मशीन रीस्टार्ट होते.

यूपीएसच्याही आधी अर्थिंग तपासा. अनवाणी उभं राहून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येत असतील, किंवा टेस्टर टेकवल्यावर मंद पेटत असेल, तर एसएमपीएस बिघडलाय असं लगेच समजू नका. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, त्यांतून किंचित करंट पत्र्याकडे येतो आणि अर्थमधून निघून जायला हवा. अर्थ नसेल तर तो पत्र्यावरच राहतो. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने मोजून घ्या: फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. नौपाड्यातल्या जुन्या इमारती असोत की वाशीतली सिडकोची सुरुवातीची घरं, वायरिंग बदललेलं नसेल तर हे आधी करा. स्वस्त एक्स्टेंशन बोर्डात तिसरं भोक नुसतं दिखाऊ असतं, तेही उघडून बघायला सांगा.

कॅबिनेटला पुढून जाळी हवी. पुढे सलग काच असलेलं घेऊ नका. कार्डाची लांबी आणि कूलरची उंची मिलिमीटरमध्ये कॅबिनेटच्या माहितीपत्रकाशी ताडून बघा. पुढून दोन पंखे आत, मागून एक बाहेर. मे महिन्यात खोलीच ३४ अंशांवर असते आणि कार्डाचं तापमान त्याच्यावर चढतं, त्यामुळे थंड देशांतल्या चाचण्यांचे आकडे इथे जुळत नाहीत. खोक्यातला कूलर ७६००ला पुरतो, पण आवाज करतो. हॉलमध्येच टेबल असेल आणि रात्री घरचे झोपत असतील तर १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर घ्या. पाण्याचा कूलर या प्रोसेसरला लागत नाही. घोडबंदर रोडची बांधकामाची धूळ आणि खाडीकडची दमट हवा एकत्र आली की जाळीवर आणि पात्यांवर चिकट थर बसतो, तो नुसत्या फुंकरीने जात नाही. पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत जाळ्या धुऊन, पूर्ण वाळवून लावा. आणि कॅबिनेट थेट फरशीवर ठेवू नका.

खरेदीला लॅमिंग्टन रोड (मुंबईतला संगणकाच्या भागांचा बाजार) गाठायचा तर ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. प्रोसेसर, रॅम, एसएसडी हातात आणता येतात. कॅबिनेट आणि मॉनिटर मात्र घरपोच मागवा, संध्याकाळच्या लोकलमध्ये ते खोकं घेऊन चढणं शक्य नाही. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ म्हटलं तर नकार द्या. १८ टक्के जीएसटी वाचतो आणि वॉरंटी जाते. बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या, आणि खोक्यावर आयातदाराचं नाव व एमआरपीचा स्टिकर आहे का ते दुकानातच पाहा. तो नसेल तर भारतातलं सर्व्हिस सेंटर हात वर करू शकतं.

जोडल्यावर पहिल्यांदा सुरू केलं की एएम५ (या रायझनचा सॉकेट) बोर्डवर काही मिनिटं स्क्रीन काळी राहते. रॅमची जुळवणी चालू असते. घाबरून बटण दाबून बंद करू नका. मग बायोसमध्ये जाऊन एक्स्पो (रॅमला तिच्या ठरलेल्या वेगावर नेणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वरच चालत राहील. एसव्हीएम मोड (प्रोसेसरमधली व्हर्च्युअल मशीनची सोय) चालू करा, त्याशिवाय डब्ल्यूएसएल २ आणि एम्युलेटर चालणार नाहीत. टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) हेही चालू हवेत, विंडोज ११ वर व्हॅलोरंट ते मागतो. बायोस अपडेट केल्यावर ही सेटिंग बहुधा मूळपदावर जातात. ‘काल डॉकर चालत होतं, आज नाही’ याचं कारण अनेकदा हेच असतं. मॉनिटरची केबल कार्डातच लावा, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये हर्ट्झ हाताने वाढवा. ते बऱ्याचदा ६० वर अडकलेले असतात.

सगळं नीट चालतंय असं वाटलं तरी कामाला लावण्याआधी एक रात्र मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवा. एकही एरर आली तर एक्स्पो बंद करून पुन्हा चालवा. तेव्हा एरर गेली तर वेग ५६०० वर आणून बघा. एक्स्पो बंद असतानाही एरर आलीच तर बहुधा रॅम सदोष आहे, ती दुकानदाराने दिलेल्या बदलीच्या मुदतीतच बदलून घ्या.