मोनास्तिरचा आलेख अखेर हलला!

मंडळी, आनंदाची बातमी आधी सांगतो. २०२२ च्या बीएएल (बास्केटबॉल आफ्रिका लीग) उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी इजिप्तचा झमालेक आणि ट्युनिशियाचा युनियन स्पोर्टिव्ह मोनास्तिर हे क्लब आता माझ्या एलो तक्त्यात, म्हणजे हरणाऱ्याचे गुण जिंकणाऱ्याला देत संघांची ताकद मोजणाऱ्या तक्त्यात, जवळजवळ बरोबरीत दिसतात. मागच्या नोंदीपर्यंत तक्ता झमालेकला डोळे झाकून जिंकवत होता. प्रत्यक्षात मोनास्तिरने रवांडातल्या किगालीत झमालेकला घरी पाठवलं आणि २८ मे रोजी अंगोलाच्या पेत्रो द लुआंडाला ८३–७२ असं हरवून आफ्रिकेचा करंडक ट्युनिशियाला नेला. एखाद्या अनपेक्षित निकालाने रेटिंग चुकीचं ठरत नाही, हे आपण सगळेच जाणतो. पण या एका क्लबच्या बाबतीत तक्ता सतत एकाच बाजूला कलत होता, आणि ते मला स्वस्थ बसू देत नव्हतं.

पहिली गाठ लवकर सुटली. मी ज्या स्कोअर साइटवरून निकाल उतरवून घेतो, ती यादीत आधी नाव असलेल्या संघाला सरळ यजमान धरते. बीएएलमध्ये याला काही अर्थच नाही. २०२१ चा अख्खा मोसम, १६ ते ३० मे, किगालीच्या एकाच हॉलमध्ये झाला आणि तिथे घरचा संघ एकच, पेट्रियट्स. २०२२ मध्ये डकार, कैरो आणि किगाली अशी तीन शहरं होती. कैरोत झमालेक खरोखर घरी खेळला, मोनास्तिर मात्र डकारला साखळी खेळून किगालीला गेला, म्हणजे घर कुठेच नाही. ‘त्रयस्थ मैदान’ असा वेगळा रकाना करून तो हाताने भरला. कंटाळवाणं काम आहे, पण आफ्रिकेचे निकाल घेणाऱ्या प्रत्येकाने ते करावंच. आयत्या डेटावर विसंबू नका.

खरी डोकेदुखी पुढे होती. देशांतर्गत लीगमधलं एलो म्हणजे भिशी. पैसे कोणीही उचलो, एकूण रक्कम तेवढीच. मोनास्तिर २०१९ ते २०२२ सलग चार वर्षं ट्युनिशियाचा विजेता. एत्वाल दु साहेल, राडेस, क्लब आफ्रिकँ या देशातल्याच क्लबांकडून गुण मोनास्तिरकडे जात राहिले आणि मग आटले, कारण ४०० गुणांची आघाडी असली की जिंकण्याची अपेक्षा ९१ टक्के होते आणि विजयाचं मोल उरत नाही. त्यात मी सगळ्या देशांच्या क्लबांना सुरुवातीला १५०० दिलेले. म्हणजे बळकट लीगचा विजेता आणि दुबळ्या लीगचा विजेता कागदावर सारखेच. दोन देशांना जोडणारा पूल म्हणजे आफ्रिकेतले आपसातले सामने, आणि ते मूठभर. नेमका मोनास्तिर वर चढत असताना हा पूल गायब झाला: बीएएलचा पहिला मोसम १३ मार्च २०२० ला डकारमध्ये सुरू व्हायचा होता, तो कोविडमुळे पुढे ढकलला गेला.

मग बीएएल सामन्यांचा ‘के’, म्हणजे एका निकालाने रेटिंग किती हलायचं ते ठरवणारा आकडा, वाढवून पाहिला. आलेखातल्या रेषेची करवत झाली. २०२१ च्या उपांत्य सामन्यात मोनास्तिरने पेट्रियट्सना चाळीसहून जास्त गुणांनी धुतलं होतं. वाढवलेल्या ‘के’मुळे त्या एका संध्याकाळी रेषा छपराला टेकली आणि ३० मे च्या अंतिम सामन्यात झमालेककडून ७६–६३ ने हरताच धाडकन खाली. मोठ्या विजयांचं वजन कमी करायला गुणफरकाला लॉगॅरिदम लावला तरी दातेरीपणा गेला नाही. ट्युनिशियाच्या क्लबांना सरसकट बोनस देण्याची सूचना तुमच्यापैकी एकाने केली होती. ती मला मनापासून पटत नाही. उत्तर आधी ठरवून गणित त्याच्याकडे वळवायचं, तर मग रेटिंग काढायचं तरी कशाला?

पूल सापडला तो राष्ट्रीय संघात. २०११ च्या आफ्रोबास्केटमध्ये (आफ्रिकेतल्या राष्ट्रीय संघांची स्पर्धा) ट्युनिशियाने सलग सहा वेळच्या विजेत्या अंगोलाला अंतिम सामन्यात हरवलं, आणि त्याच वर्षी एत्वाल दु साहेलने आफ्रिकन क्लब करंडक जिंकला. २०१७ मध्ये राडेस शहरात नायजेरियाला नमवून पुन्हा अजिंक्यपद. या सामन्यांतली ताकद क्लबांमधूनच येते ना? मग राष्ट्रीय संघाने कमावलेले गुण खेळाडूंच्या मिनिटांच्या प्रमाणात त्यांच्या क्लबांना वाटायचे. परदेशात खेळणाऱ्यांचा वाटा बाहेरच राहतो. उदाहरणार्थ, २०११ चा एमव्हीपी (स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू) सलाह मेजरी तेव्हा बेल्जियमला अँटवर्पकडून खेळायचा, त्यामुळे त्याचे गुण ट्युनिशियाच्या भिशीत येत नाहीत.

आता ५ सप्टेंबर २०२१ ची ओळ बघा. आफ्रोबास्केटचा अंतिम सामना, ट्युनिशिया ७८, आयव्हरी कोस्ट ७५. स्पर्धेचा एमव्हीपी मक्रम बेन रोमधान, मोनास्तिरचा. हॉल किगालीचाच, जिथे मे महिन्यात तो क्लबच्या जर्सीत अंतिम सामना हरला होता. त्या दिवशी मोनास्तिरचा सामना नाही, तरी रेषा वर सरकते, आणि शांतपणे सरकते, करवत नाही. पुढच्या मे मध्ये त्याच छताखाली झमालेक समोर येतो तेव्हा मोनास्तिर बरोबरीला पोहोचलेला असतो. झमालेक २०२१ मध्ये एकही सामना न हरता विजेता झाला होता, हे लक्षात घेतलं की ही बरोबरी किती मोठी ते कळतं. हा तक्ता उघडा ठेवून मी बराच वेळ नुसता बघत होतो.

साधनांबद्दल विचारणा झाली होती. लिब्रेऑफिस कॅल्क हे स्प्रेडशीट पुरेसं आहे. पायथॉनमध्ये सगळं पुन्हा चालवणं पटकन होतं खरं, पण तक्त्यात प्रत्येक घरावर बोट ठेवून ‘हा आकडा कुठून आला’ असं विचारता येतं, आणि माझ्या मते या छंदात तेच महत्त्वाचं. निकाल उतरवायला फिबाची (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची) सामनापत्रकं सर्वांत भरवशाची.

आता २०२३. गतविजेता मोनास्तिर डकारच्या साखळीतच बाद झाला आणि माझी रेषा मात्र वरच अडकून बसलीय. मोसम संपला की सर्वांना एक चतुर्थांश सरासरीकडे ओढायचं, असं ठरवून ही नोंद लिहायला बसलो होतो. पण लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. पहिल्या मोसमाचा नियम आठवा: संघात किमान नऊ देशी खेळाडू, परदेशी जास्तीत जास्त चार, त्यातले आफ्रिकेबाहेरचे दोनच. मोनास्तिरचा कणा देशी होता, बेन रोमधान आणि चाळिशी ओलांडलेला रदुआन स्लिमान. पण २०२२ चा एमव्हीपी ठरला अमेरिकन मायकेल डिक्सन. असे खेळाडू मोसमापुरते येतात, मग त्यांच्या मिनिटांनी मिळवलेले गुण क्लबच्या खात्यात वर्षानुवर्षं का राहावेत? तेव्हा सरसकट ओढणं रद्द. देशी वाटा जवळजवळ तसाच पुढे न्यायचा, परदेशी वाटा मोसमाअखेर शून्यावर आणायचा. इजिप्तच्या अल अहलीच्या २०२३ च्या बीएएल विजेतेपदावरही हेच लावून पाहणार आहे, तिथे नुनी ओमोट एमव्हीपी होता.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मोनास्तिर स्पेनच्या टेनेरिफला इंटरकॉन्टिनेंटल कपही, म्हणजे वेगवेगळ्या खंडांतल्या क्लबांची स्पर्धाही, खेळला. तो पूल तूर्तास बंद ठेवतोय, नाहीतर अख्खं युरोप तक्त्यात शिरेल.

२०१९ ते २०२२ च्या ट्युनिशियन लीगची खेळाडूनिहाय मिनिटं कोणी उतरवून ठेवली असतील तर कृपया पाठवा. प्लेऑफची असली तरी चालतील, देशी-परदेशी विभागणी तेवढ्यावर सुरू करता येईल.