धुक्यातला डोंगर आणि बाईंची बाटली

"धुकंच बघायचं होतं तर लोणावळ्याला नसतो का गेलो? एवढे पैसे कशाला घालवले?"

सोलापूरचे काका हे मला उद्देशून बोलले नाहीत. ते खिडकीकडे बघून बोलले, पण सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा बेताने. टूर मॅनेजरला ही भाषा बरोबर कळते.

खिडकीबाहेर खरंच काही नव्हतं. प्वी द दोमच्या माथ्यावर जाणारी दातेरी रुळांची गाडी डोंगराला वेढा घालत पंधरा मिनिटांत पाचेक किलोमीटर चढते. एरवी त्या पंधरा मिनिटांत खाली एकेक ज्वालामुखी उलगडत जातो, हिरवे, गोल, काही वरून खोलगट, कुणी अंगठ्याने दाबल्यासारखे. त्या दिवशी तिसऱ्या मिनिटाला झाडं गेली, पाचव्या मिनिटाला रुळाशेजारचं गवत गेलं, आणि मग नुसतं पांढरं.

चूक माझीच होती. मध्य फ्रान्समधल्या ओव्हेर्न भागात मी सोळा जणांना घेऊन आलो होतो. पॅरिस-स्वित्झर्लंड दोनदा झालेली मंडळी, आता 'काहीतरी वेगळं' हवं होतं. पुण्यात प्रवासापूर्वीच्या बैठकीत मीच स्लाइड दाखवून सांगितलं होतं की ऐंशीच्या आसपास ज्वालामुखी एका रांगेत उभे आहेत, 2018 साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरवलंय, आणि माथ्यावरून ती सगळी रांग एका नजरेत दिसते. सकाळी हॉटेलात माथ्यावरचा वेबकॅम उघडला तेव्हा पडदा पांढराफेक होता. तिकिटं काढून झालेली. "वर गेल्यावर उघडेल," असं मी चहा पिताना सगळ्यांना ठोकून दिलं. हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा बोललोय की आता ते बोलताना जीभही अडखळत नाही.

माथा 1465 मीटरवर. दार उघडलं तसा वारा आत घुसला. निम्मी मंडळी उतरून थेट उपाहारगृहात गेली आणि कॉफीचे कप हातात धरून माझ्याकडे बघत बसली. लांबचे डोंगर ओळखायला लावलेल्या फलकापाशी दोघं उभी राहिली, फलकावरची नावं वाचली, समोर बघितलं, परत आली.

तेवढ्यात बाई जवळ आल्या. बाई म्हणजे कराडच्या, शाळेत तीस-बत्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. आमच्या ग्रुपमध्ये त्यांच्या वयाचे लोकही त्यांना बाईच म्हणत. चार दिवसांत त्यांनी एकही तक्रार केली नव्हती, म्हणून मी त्यांच्याकडे जवळजवळ दुर्लक्षच केलं होतं. आमच्या धंद्याची ही वाईट खोड.

"अरे, पेरिएने नळी कुठे उभी केली होती?" त्यांनी विचारलं.

मला पास्कल हा फ्रेंच शास्त्रज्ञ माहीत होता. तो डोंगराखालच्या क्लेर्मों शहरातला, 1623 साली तिथेच जन्मलेला, हे माझ्या कागदावर होतं. पेरिए माझ्या कागदावर नव्हता. मी म्हणालो, "बाई, तुम्हीच सांगा सगळ्यांना." खरं तर मला पाच मिनिटं काढायची होती.

बाईंनी उपाहारगृहातच वर्ग भरवला. पास्कलला सिद्ध करायचं होतं की पाऱ्याच्या वाटीत उलट्या उभ्या केलेल्या नळीतला पारा हवेच्या वजनाने तोलला जातो. उंचावर डोक्यावरची हवा कमी, म्हणजे पारा खाली यायला हवा. पण पास्कल पॅरिसला, आणि प्रकृती तोळामासा. म्हणून त्याने आपल्या मेहुण्याला, फ्लोराँ पेरिएला, पत्र लिहून कामाला लावलं. तारीख 19 सप्टेंबर 1648.

"म्हणजे इकडे शहाजीराजे आदिलशहाच्या कैदेत होते ते साल," मी मध्ये घातलं. तारीख मंडळींच्या डोक्यात बसवायची ही आमची युक्ती.

बाई पुढे गेल्या. पेरिएने गावात, मठाच्या बागेत, दोन नळ्यांत पारा भरून उंची मोजली. दोन्हीकडे एकच, 26 इंचांहून थोडी जास्त. एक नळी तिथेच ठेवली आणि एका साधूला सांगितलं, दिवसभर हिच्यावर नजर ठेवायची. दुसरी घेऊन गावातल्या पाच प्रतिष्ठितांसोबत हा डोंगर चढला. वर पारा 23 इंचांच्या जरा वर. सव्वातीन इंचांच्या जरा आत फरक, तोही त्यांच्या इंचात, आपल्यापेक्षा किंचित मोठ्या. खाली साधूची नळी दिवसभर हलली नाही.

"ती खालची नळी महत्त्वाची," बाई म्हणाल्या. "नाहीतर कुणीही म्हणेल, हवा बदलली म्हणून पारा उतरला. मुलं परीक्षेत हेच लिहीत नाहीत."

मग त्या काकांकडे वळल्या. "पेरिएने वर पाच वेळा मोजलं. इथल्या छोट्या चॅपेलच्या आडोशाला, उघड्यावर, वाऱ्यात, पावसात आणि धुक्यात. लिहून ठेवलंय त्याने. प्रत्येक वेळी पारा तिथेच. त्यालाही धुकंच मिळालं होतं."

काका काही बोलले नाहीत. कॉफी मात्र संपवली.

यानंतर जे झालं त्यात माझा वाटा शून्य. बाईंनी सकाळी निघताना, क्लेर्मोंच्या झोद चौकात, ठाण्याच्या एका ट्रेकर सदस्याला त्याच्या घड्याळातला हवेचा दाब लिहून ठेवायला लावला होता. पेरिएच्या मठाचं चर्च त्याच चौकात आहे, हे मला तेव्हा कळलं. सकाळचा आकडा 967 मिलिबार. आता घड्याळ 853 दाखवत होतं. बाईंनी गाडीच्या तिकिटामागे हिशेब मांडला. 114 चा फरक, पाऱ्यात साडेपंच्याऐंशी मिलिमीटर. पेरिएचा फरक आजच्या मापात साडेचौऱ्याऐंशीच्या आसपास. एका मिलिमीटरची चूक, पावणेचारशे वर्षांनी, मनगटावरच्या घड्याळात. ट्रेकरने तिकिटाचा फोटो काढला. कुणीतरी पिशवीतून भाकरवडीचं पाकीट काढलं तर ते उशीसारखं टम्म फुगलेलं. अचानक सगळे आपापली पाकिटं चाचपू लागले.

बाईंनी आपल्या पाण्याच्या बाटलीतला शेवटचा घोट घेतला आणि रिकामी बाटली काकांपुढे धरली. "झाकण तुम्ही लावा. घट्ट. तुमचा हात कॉन्ट्रॅक्टरचा." काकांनी झाकण असं आवळलं की प्लॅस्टिक करकरलं.

धुकं उघडलं नाही, पण आता मंडळी बाहेर यायला तयार होती. मी त्यांना मर्क्युरी देवाच्या देवळाकडे नेलं. दहा पावलांवर येईपर्यंत भिंत दिसत नव्हती, मग एकदम समोर उभी राहिली. फिकट करड्या दगडाची, दुसऱ्या शतकातली. रोमन काळात गॉल प्रांतातून, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधून, लोक इथे नवस फेडायला चढून यायचे. पुढे सगळं मातीखाली गेलं आणि 1870 च्या दशकात वेधशाळेचं काम काढलं तेव्हा पाया खणताना सापडलं. म्हणजे पेरिए पाऱ्याची नळी घेऊन ज्या डोंगरावर आला, तो पाऱ्याच्याच इंग्रजी नावाच्या देवाचा, आणि बिचाऱ्याला पत्ता नव्हता. मर्क्युरी हा व्यापाऱ्यांचा आणि प्रवाशांचा देव, हेही मी सांगितलं. माझ्या धंद्याचाच देव म्हणायचा. मनातल्या मनात हात जोडले.

काका भिंतीचा दगड चाचपत होते. आदल्या संध्याकाळी क्लेर्मोंच्या कॅथेड्रलमध्येही त्यांनी हेच केलं होतं. ते अख्खं काळंकुट्ट आहे, 1248 साली सुरू झालेलं, जवळच्या व्होल्व्हिक गावच्या लाव्हाच्या दगडाचं. काकांनी खांबावर अंगठी वाजवून निकाल दिला होता, "आपल्याकडचाच काळा पाषाण." आता म्हणाले, "पण हा पांढुरका कसा? एकाच डोंगरातला ना?"

हे मात्र माझ्या कागदावर होतं. आपला सह्याद्री सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा, त्याचा लाव्हा ताकासारखा पातळ. पसरत गेला, थरावर थर बसले. प्वी द दोम फार तर अकरा हजार वर्षांचा, आणि त्याचा लाव्हा पिठल्यासारखा घट्ट. वर आला आणि जागीच ढीग होऊन बसला. म्हणून याला मुखही नाही. शेजारच्या काळ्या टेकड्यांचा लाव्हा वेगळा. काकांनी मान हलवली. पिठलं त्यांना पटलं.

परतीच्या गाडीत, निम्म्या वाटेवर, काकांच्या हातात कट्कन आवाज झाला. बाटलीची एक बाजू आत गेली होती. खालच्या स्टेशनावर उतरेपर्यंत ती चांगलीच चेपली. काका ती सगळ्यांना दाखवत फिरले, जणू त्यांनीच दाबली होती.

जेवायला त्रुफाद होता, बटाटा आणि ताजं चीज एकत्र परतून तारा सुटेपर्यंत शिजवलेला. हॅम काढायला आधीच सांगितलं होतं. पण इथल्या पारंपरिक चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या जठरातला पदार्थ वापरतात. हे मी प्रत्येक वेळी ताट येण्याआधी सांगतो, नंतर कळलं तर आयुष्यभर शिव्या बसतात. चौघांनी मसूर आणि सॅलड घेतलं. ओव्हेर्नच्या दक्षिणेला ल प्वी गावाजवळ हिरवा मसूर पिकतो, सालीसकट, शिजून गाळ होत नाही. एका काकूंनी पर्समधून काळा मसाला काढून त्यावर भुरभुरवला आणि शेजारच्या फ्रेंच आजींनाही चिमूटभर दिला.

दुपारी लाँप्तेजी. ही ज्वालामुखीची खाण. 1940 च्या दशकापासून 2007 पर्यंत इथून लाव्हाची खडी काढली आणि डोंगर आतून उघडा पडला. आपण ज्वालामुखीच्या पोटात उभे असतो. एकीकडे लाल थर, एकीकडे काळे, आणि मधून वर गेलेली लाव्हाची वाट, कापलेल्या झाडातल्या शिरेसारखी. खाली धुकं नव्हतं, ऊन होतं. काका सगळ्यांच्या पुढे.

"हा तर मुरूम की हो! रस्त्याला एक नंबर." त्यांनी एक लाल तुकडा उचलला आणि दचकले. आकाराच्या मानाने वजनच नाही. आतून अनारशासारखी जाळी. लाव्हातला वायू फुगून निसटला तेव्हाची ती भोकं. तो तुकडा त्यांनी हळूच खिशात घातला, मी खाली ठेवायला लावला. "एवढा डोंगर नेला की त्यांनी, एका खड्याचं काय?" हे त्यांनी दोनदा ऐकवलं. ठेवला मात्र.

त्या संध्याकाळी प्वी द दोम उघडला. बसमधून, मावळतीच्या उजेडात, माथ्यावरच्या मनोऱ्यासकट. सगळ्यांनी फोटो काढले. बाई झोपल्या होत्या.

चेपलेली बाटली काकांनी फेकू दिली नाही. पॅरिसला विमानतळावर सुरक्षेच्या माणसाने ती उलटसुलट करून पाहिली, रिकामी आहे म्हणून सोडली. रात्री विमानातले दिवे मालवले होते, माझा नुकता डोळा लागला होता. पुढच्या रांगेतून काकांचा आवाज आला, त्यांच्या मते कुजबुजीतला.

"बाई... ओ बाई... उठा. बाटली फुगली!"

बाईंनी डोळे न उघडताच विचारलं, "झाकण काढलं नाहीत ना?"

"नाही, नाही. घट्ट आहे."

"मग काढू नका. मुंबईला उतरल्यावर परत बघू."

विमान उतरायला लागलं तेव्हा काकांनी बाटली मांडीवर उभी धरली होती आणि खिडकीबाहेर अजिबात बघत नव्हते.