उजेड जातोय, पण येत नाही

जुलैची सकाळ, मरोळला रात्रभर धो धो पाऊस. आठलाच फोन : गोडाऊनचं बिलिंग बंद, माल भरलेला टेम्पो गेटवर अडकलाय. ऑफिस ते गोडाऊन सव्वा किलोमीटर. लॅनची तांब्याची केबल १०० मीटरला हात टेकते, म्हणून आम्हीच तिथे गच्च्यांवरून फायबर ओढली होती. एकच कोअर (काचेचा एकच धागा, जाणं-येणं त्यातूनच), दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे विजेच्या सिग्नलचा उजेड आणि उजेडाचा सिग्नल करणारे डबे. ऑफिसचा १३१० नॅनोमीटर वेव्हलेंग्थवर (लहरीच्या लांबीवर) पाठवतो, गोडाऊनचा १५५० वर.

गोडाऊनच्या कन्व्हर्टरवर फायबरचा दिवा (समोरून उजेड आला की पेटतो तो) छान पेटलेला, ऑफिसचा मात्र विझलेला. केबल तुटली असती तर दोन्हीकडे अंधार हवा. मी ठासून सांगितलं, गोडाऊनचा कन्व्हर्टर गेला. टेम्पोवाल्याची बडबड ऐकत नवी जोडी लावली. तेच. कनेक्टर पुसले. तेच.

स्प्लायसिंगवाले, म्हणजे फायबरचे तुकडे जोडणारे मामा तोवर शांतपणे चहा पीत होते. ऑफिसात येऊन मी ओटीडीआर (फायबरमध्ये उजेड सोडून तो किती अंतरावर कमी होतो ते दाखवणारं यंत्र) लावला, तर म्हणाले, "एकाच वेव्हलेंग्थवर काय बघतोस? १५५० वर पण घे."

१३१० ला ८७० मीटरवर जेमतेम दीड डीबीची (डेसिबल, उजेडाच्या तोट्याचं माप) पायरी. १५५० ला त्याच जागी चौदा! फायबर वाकली की लांब लहरीचा उजेड आधी बाहेर निसटतो. स्प्लाइस (जोड) वाईट असता तर दोन्ही वेव्हलेंग्थवर तोटा साधारण सारखाच दिसला असता. म्हणजे केबल धड होती, फक्त कुठेतरी मुरगळली होती. (हे मला परीक्षेत विचारलं असतं तर झटकन लिहिलं असतं.)

पण ८७० मीटर म्हणजे नेमकी कुठली गच्ची? केबलच्या जॅकेटवर दर मीटरला आकडा छापलेला असतो. ऑफिसच्या टोकाला २१४ होता, बेरीज १०८४. आतली फायबर जॅकेटपेक्षा किंचित लांब असते, म्हणून मामांनी जरा आधीपासूनच आकडे वाचायला सुरुवात केली.

१०७९ ला एका सोसायटीच्या गच्चीवर आमचं जादा केबलचं वेटोळं होतं. पावसाळ्याची निळी ताडपत्री बांधणाऱ्याने दोरी त्यातूनच ओवून करकचून आवळली होती. गाठ सोडली आणि ऑफिसातून फोन आला, "दिवा आला!"

वॉचमनकाका मात्र भडकले. "अहो, पण आता ताडपत्री कशाला बांधू?"

मामांनी टाकीच्या पाइपाकडे बोट दाखवलं आणि दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.