बू रॅडली आणि आमची नववी ब

शाळेच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेत गॅदरिंगवर, आंतरशालेय कबड्डीवर आणि मुख्याध्यापकांच्या छडीवर लिहिणारे पुष्कळ निघतील. मी इंग्रजीच्या सरांच्या शनिवारच्या शेवटच्या तासाबद्दल लिहितो. पोर्शन लवकर आटपायचा आणि उरलेल्या तासांना गोष्ट सांगायची, ही सरांची पद्धत. आम्ही नववी ब मध्ये होतो तेव्हा त्यांनी नागपूरच्या बर्डीवरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून एक कव्हर निखळलेली कादंबरी आणली होती. हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’; १९६० साली आलेली, पुढच्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळवलेली. आपली शाळा मराठी माध्यमाची. सर एक परिच्छेद इंग्रजीत वाचायचे, पुढची चार पानं मराठीत सांगायचे आणि रंगात आले की सरळ वऱ्हाडीत शिरायचे.

कथा अलाबामातल्या मेकम्ब या काल्पनिक गावाची, १९३० च्या दशकातल्या मंदीच्या दिवसांतली. स्काउट नावाची लहान मुलगी, तिचा थोरला भाऊ जेम, सुट्टीत येणारा डिल. वडील अ‍ॅटिकस वकील. त्याच रस्त्यावर रॅडलींचं सदा बंद असलेलं घर, आणि आत वर्षानुवर्षं बाहेर न दिसलेला आर्थर रॅडली, म्हणजे पोरांचा बू. थंडीत फुलझाडं करपली की म्हणे बूने त्यांच्यावर श्वास सोडला. रॅडलींच्या झाडाची फळं शाळेच्या आवारात पडायची, पण विषारी म्हणून कोणी हात लावायचं नाही. गावातली कोंबड्या-कुत्री मारणारा दुसराच निघाला, तो सापडलाही, तरी लोकांच्या नजरा रॅडलींच्या घरावरून हटल्या नाहीत.

इथवर आल्यावर सरांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, “बू कसा दिसतो ते अर्ध्या पानात लिहा. मराठीत लिहिलं तरी चालेल.” वह्या गोळा करून त्यांनी काही वर्णनं मोठ्यानं वाचली. कोणाचा बू उंच आणि लालडोळ्या, कोणाचा कुबडा, एकाचा तर हुबेहूब गणिताच्या सरांसारखा. वर्ग पाच मिनिटं आवरला नाही. मग त्यांनी जेमनं केलेलं वर्णन वाचलं. साडेसहा फूट उंची, खारी आणि मांजरं कच्ची खातो म्हणून रक्ताळलेले हात, चेहऱ्यावर व्रण, पिवळे किडके दात, तोंडातून लाळ. महाल भागात राहणारा एक मित्र मागच्या बाकावरून ओरडला, “सर, हा तर मारबतच हाये न जी!”

नुकताच पोळा होऊन गेला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईचे मोठाले पुतळे, मिरवणुकीनं निघते, “घेऊन जा गे मारबत” म्हणत लोक गावची रोगराई, इडापिडा तिच्यावर घालतात आणि शेवटी तिला जाळतात, हे नागपूरच्या पोराला सांगावं लागत नाही. काळी मारबत १८८१ पासून निघते. ती भोसल्यांच्या घरातल्या बाकाबाईचा पुतळा, तिनं इंग्रजांशी हातमिळवणी केली म्हणून, असं सांगतात. सरांनी ओरडणाऱ्याला बसवलं नाही. उलट विचारलं, “मिरवणुकीत नाचणाऱ्यांपैकी किती जणांना ती बाई कशी होती हे ठाऊक आहे?” प्रतीक म्हणजे काय हे आम्ही पुढे बी.ए.ला व्याख्येसकट पाठ केलं. समजलं होतं त्या दिवशीच. गावाला आपली भीती ठेवायला एक माणूस लागतो. तो समोर येत नसेल तर फारच सोयीचं.

कादंबरीची खरी करामत मात्र उलट दिशेनं चालते. पुतळ्यातून माणूस बाहेर येतो, तोही अगदी हळूहळू. रॅडलींच्या कडेच्या ओक झाडाच्या ढोलीत पोरांना च्युइंगम सापडतं, घासून लख्ख केलेली दोन नाणी, सुतळीचा गुंडा, साबणात कोरलेल्या दोन बाहुल्या. त्या बाहुल्या त्या दोघा भावंडांसारख्याच दिसतात. आणि एक दिवस बूचा भाऊ नेथन ती ढोली सिमेंटनं बुजवून टाकतो. झाड मरतंय म्हणतो. झाड ठणठणीत असतं. जेम अंधार पडेपर्यंत ओसरीत उभा राहतो आणि आत येतो तेव्हा तो रडलेला असतो. हा भाग सरांनी मराठीत सांगितला नाही, नुसता वाचला. निम्मी इंग्रजी डोक्यावरून गेली, पण बाकावर कोणी हललं नाही.

शेवटी पोरांवर हल्ला करणारा बॉब यूएल मरतो, आणि वाचवणारा बू जेमच्या खोलीत दारामागे उभा असतो. ऊन न पाहिलेले पांढरेफटक हात. सबंध पुस्तकात तो एकच वाक्य बोलतो, मला घरी सोडशील का, असं. शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, ठरवतो की यूएल आपल्याच सुरीवर पडला.

आता मी वकिली करतो, त्यामुळे हा शेरीफ मला खुपतो. दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी केलेला बचाव आपल्याही कायद्यात बसतो. बूला खोट्याची गरज नव्हती. पण शेरीफला धास्ती तुरुंगाची नसतेच. गावातल्या बायका केक घेऊन बूच्या दारात रांग लावतील, याची असते. हे मला फार उशिरा पटलं. मारबतीचीही जाळण्याआधी पूजा होते, आया पोरांना तिच्या पाया घालतात. बूला हार घातले असते तर तो पुन्हा पुतळाच झाला असता, फक्त चांगला.

आमच्यातल्या एकाला एवढ्यानं समाधान झालं नाही. अ‍ॅटिकस ज्याचा खटला लढवतो तो कृष्णवर्णीय टॉम रॉबिन्सन यूएलच्या मुलीवर अत्याचार केल्याच्या खोट्या आरोपात दोषी ठरतो आणि तुरुंगातून पळताना सतरा गोळ्या खाऊन मरतो. बाहेरचा तोही, निष्पाप तोही. पण स्काउट बूच्या ओसरीवर उभी राहून त्याच्या नजरेनं गल्ली बघते. टॉमच्या दारातला प्रसंग मात्र आपल्याला डिलनं पाहिलेला, तोही ऐकीव कळतो. “बूसाठी शेरीफ खोटं बोलला, टॉमसाठी काऊन नाही बोलला जी?” असं त्यानं विचारलं. सर म्हणाले, “हे लिहून काढ.” त्यानं दोन फुलस्केप भरले आणि सरांनी ते व्हरांड्यातल्या भित्तिपत्रकावर लावले. मुख्याध्यापकांनी ते चष्मा सरकवून वाचले आणि हे इंग्रजीच्या कोणत्या धड्यावर आहे, असं विचारलं.

“नागरिकशास्त्राच्या,” सर म्हणाले. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ते तिथेच होतं.