"ऑर सिमिलर" : ऑगस्टची सेरेंगेटी ट्रिप ठरवताना झालेला मनस्ताप

आयटिनेररीत नुसतं "सेरेंगेटी – ३ रात्री" लिहिलेलं असेल तर ॲडव्हान्स भरू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण खाली बरंच लांबणार आहे आणि मला त्या एका ओळीचा अजूनही राग येतो. टांझानियातलं सेरेंगेटी नॅशनल पार्क १४,७६३ चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे आमच्या नाशिक जिल्ह्यापेक्षा थोडंसंच लहान. त्यात "३ रात्री" म्हणजे नक्की कुठं, हे विचारल्यावर समोरचा माणूस गप्प झाला की समजून जायचं.

आम्हाला टांझानियाला जायचं होतं ते ड्राय सीझनमध्येच. सगळे मे महिन्याचं सुचवत होते, मुलांच्या सुट्ट्या असतात, पॅकेजही स्वस्त मिळतं. स्वस्त मिळणारच, कारण मार्च ते मे तिकडे मोठा पावसाळा, काळ्या मातीत गाड्या रुततात, बरेच कॅम्प चक्क बंद असतात. जून ते ऑक्टोबर कोरडं. त्या वर्षी, २०२३ ला, अधिक श्रावण आल्यामुळे गणपती १९ सप्टेंबरला होते, त्यामुळे ऑगस्टचा शेवटचा आठवडा घरातल्या सगळ्यांना चालत होता. मुलाची शाळा बुडाली, बुडू दे म्हटलं.

माझे सासरे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत. मी लॅपटॉपवर वाइल्डबीस्टच्या, म्हणजे आफ्रिकेतल्या मोठ्या शिंगांच्या हरणांच्या, कळपांचे नकाशे बघत बसलेले तर ते मागून म्हणाले, "अगं एवढं कशाला बघतेस, ऑगस्टमध्ये बारमाही पाणी कुठंय तेवढं शोध, जनावर तिथंच येणार." आणि खरंच सगळं गणित तेवढंच आहे. डिसेंबर ते मार्च वाइल्डबीस्टचे कळप दक्षिणेला एन्डुटूच्या बाजूला असतात. तिथली जमीन ज्वालामुखीच्या राखेची, गवत आखूड पण कसदार, फेब्रुवारीच्या आसपास बहुतेक पिल्लं तिथेच जन्मतात. पण पाऊस संपला की तिथं प्यायला पाणी उरत नाही. मग एप्रिल-मेपासून कळप वायव्येकडे सरकतात, जूनच्या सुमाराला ग्रुमेती नदीच्या पट्ट्यात, आणि जुलै अखेर ते ऑक्टोबर पार उत्तरेला मारा नदीवर, कोगाटेंडे आणि लामाईच्या भागात. नोव्हेंबरात छोटा पाऊस आला की परत दक्षिणेला. साधारण तेरा लाख वाइल्डबीस्ट आणि वर दोन लाखांच्या पुढे झेब्रे. पावसाप्रमाणे पंधरा-वीस दिवस इकडेतिकडे होतं, पण ऑगस्ट अखेरीला मोठे कळप बघायचे तर उत्तरेलाच जायचं, यात वाद नाही.

वाद आमच्या एजंटला वाटला.

नाव घेत नाही. शहरातलं बऱ्यापैकी चालणारं ऑफिस, एसी, भिंतीवर सिंहाचा फोटो. त्यांनी दिलेला कागद असा: एक रात्र अरुशा, एक रात्र लेक मन्यारा, तीन रात्री सेरेंगेटी, एक रात्र एन्गोरोंगोरो (ज्वालामुखीचं मोठं विवर). ब्रोशरवर एकाच पानावर नदीत उड्या मारणारे कळप आणि शेजारी नुकती जन्मलेली पिल्लं. म्हटलं, ही दोन दृश्यं एका ट्रिपमध्ये कशी दाखवणार तुम्ही, मध्ये सहा महिने आहेत! तर म्हणाले मॅडम तो फक्त रेफरन्स फोटो आहे.

सेरेंगेटीचा कॅम्प कुठला विचारलं तर एक नाव होतं आणि पुढे इंग्रजीत "ऑर सिमिलर", म्हणजे हा किंवा याच्यासारखा दुसरा कुठलाही. ते नाव नेटवर शोधलं तर कॅम्प सेरोनेरात निघाला, म्हणजे पार्कच्या मध्यभागी. सेरोनेरा वाईट नाही, बिबटे सिंह वर्षभर असतात तिथं, पण ऑगस्टमध्ये कळप बघायला सेरोनेरात तीन रात्री राहायचं म्हणजे आषाढी एकादशीला पालखी बघायला आळंदीत हॉटेल घेण्यासारखं आहे. हे मी त्यांना तसंच्या तसं बोलले. ते हसले आणि म्हणाले, "मॅडम, काळजी करू नका, गाडी तुमचीच आहे, ड्रायव्हर तुम्हाला नदीवर घेऊन जाईल."

आता हे ऐकायला बरं वाटतं. पण सेरोनेरा ते कोगाटेंडे कच्च्या रस्त्याने एका बाजूला तीन ते चार तास. अंधार पडल्यावर पार्कात गाडी फिरवायची परवानगी नाही. म्हणजे सकाळी सहाला निघा, दहाला पोचा, आणि दुपारी दोन-अडीचला परत फिरा. मधल्या चार तासांत कळपाने कृपा करून नदी ओलांडावी अशी अपेक्षा. कळप दोन-दोन, तीन-तीन तास काठावर नुसता उभा राहतो आणि मागे फिरतो. नदीपाशी मुक्काम असला तर संध्याकाळी परत जाता येतं, सकाळी परत जाता येतं. मुक्कामाचे पैसे त्यासाठीच द्यायचे असतात. हे सगळं मी कागदावर तासांसकट लिहून दाखवलं, तर समोरचा मुलगा म्हणाला "सरांना विचारून सांगतो".

सरांना विचारण्यात आठवडा गेला. मग नवीन कोटेशन आलं, त्यात कॅम्पचं नाव बदललेलं, किंमत वाढलेली, आणि पुढे परत "ऑर सिमिलर". हे नाव शोधलं तर गंमत, त्या नावाचे दोन कॅम्प, एक मध्यभागी आणि एक मोसमी, जो डिसेंबर ते मार्च दक्षिणेला लावतात आणि जून-जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत उत्तरेला. मी मेल केला की यातला कुठला ते लिहून द्या आणि गूगल मॅपची पिन पाठवा. उत्तर आलं, "कन्फर्मेशननंतर शेअर करू." कन्फर्मेशन म्हणजे काय तर पन्नास टक्के ॲडव्हान्स! म्हणजे भाजी आधी घ्या, पिशवीत काय टाकलं ते घरी जाऊन बघा. मी म्हटलं पिन आल्याशिवाय एक रुपया नाही.

मग फोन सुरू झाले. "उत्तरेला होल्ड टाकलाय, उद्यापर्यंत रिलीज होईल, लवकर सांगा." (होल्ड म्हणजे तुमच्या नावाने तात्पुरती राखलेली जागा.) दुसऱ्या दिवशी "होल्ड वाढवून घेतलाय". आमचे हे म्हणायला लागले की जाऊ दे ना, सगळे जातात तसं आपण पण जाऊ, प्राणी काय दिसतीलच. तेव्हा माझी खरी चिडचिड झाली. एजंट हेच म्हणत होता आणि घरातला माणूसपण तेच! शेवटी मी त्या कॅम्पच्याच रिझर्व्हेशनला सरळ मेल टाकला की अमुक तारखांना अमुक एजन्सीच्या नावाने होल्ड आहे का. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर, असा कुठलाही होल्ड नाही, आणि त्या तारखांना उत्तरेचा कॅम्प फुल आहे.

तो मेल मी एजंटला फॉरवर्ड केला, वर एक शब्द लिहिला नाही. फोन यायचे थांबले.

हा एकच उपाय आहे बघा, थेट कॅम्पला विचारायचं. ते लोक उत्तर देतात, लाजायचं काही कारण नाही. आणि "केनिया करा ना मग, तिथं पण तेच प्राणी" असं कोणी म्हटलं तर म्हणणं खोटं नाही, नदी तीच, ऑगस्ट-सप्टेंबरात पलीकडे मसाई मारातही कळप असतात, पण दोन्ही एकत्र करू म्हणालात तर लक्षात ठेवा की मसाई मारातून थेट सेरेंगेटीत पर्यटकांना जाता येत नाही, लांबून सरहद्दीवरच्या इसेबानियाच्या नाक्यावरून फिरून यावं लागतं. शिवाय २०२४ पासून मसाई माराची फी परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर झालीये, जानेवारी ते जून १०० असते.

पुढचं मी अरुशातल्या एका ऑपरेटरशी थेट ठरवलं. पहिल्याच मेलमध्ये त्यांचा 'टाला' लायसन्स नंबर मागितला, तो टांझानियात सफारी चालवणाऱ्यांकडे असावाच लागतो, आणि त्यांनी लगेच पाठवला. त्यांनी एक डोकं चालवलं जे आमच्या एजंटला सुचलं नव्हतं, रूट उलटा केला. सगळे अरुशाहून गाडीने हळूहळू वर जातात, आम्ही अरुशाहून छोट्या विमानाने सरळ कोगाटेंडेला उतरायचं, आधी उत्तर, मग गाडीने खाली सेरोनेरा, एन्गोरोंगोरो, आणि शेवटी तारांगिरे नॅशनल पार्क. त्यामुळे उत्तरेच्या रात्री आठवड्याच्या सुरुवातीला आल्या, आणि कोणाच्या तरी कॅन्सलेशनमध्ये दोन तंबू मिळाले. पिन न मागता आली. नदीपासून दोन-तीन किलोमीटर. मी तो स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकला.

मन्यारा काढून तारांगिरे घातलं ते बाबांमुळे, म्हणजे सासऱ्यांमुळे. तिथंही हाच हिशोब, कोरड्या दिवसांत तारांगिरे नदी सोडून आसपास पाणी नाही, म्हणून जुलै ते ऑक्टोबर हत्ती तिथे गोळा होतात, पावसात पांगतात. नदी वरून कोरडी दिसत होती तर हत्ती सोंडेने आणि पायाने वाळू उकरून खड्डे करत होते, खाली पाणी साचायची वाट बघत शांत उभे. बाबा म्हणाले, आपले लोक नदीत झिरे पाडतात तेच हे.

व्हिसा ऑनलाइन झाला, ५० डॉलर, काही विशेष नाही. विमान आदिसअबाबामार्गे किलिमांजारो.

यलो फीवरचं इंजेक्शन मात्र शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. यलो फीवरच्या यादीतल्या देशातून परत येताना भारतात पिवळं कार्ड (इंजेक्शन घेतल्याचा दाखला) विचारतात, त्या यादीत आपल्या प्रवासातला देश आहे का ते आधी बघा; कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. कार्ड इंजेक्शननंतर दहा दिवसांनी लागू होतं. आणि हे इंजेक्शन साध्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवलेल्या केंद्रांवरच, तेही ठराविक वारी, कारण एका बाटलीत बऱ्याच जणांचे डोस असतात आणि ती उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून माणसं जमवून बोलावतात. घरात साठीच्या पुढचं कोणी असेल तर आधी आपल्या डॉक्टरशी बोला, त्या वयात पहिला डोस जरा विचार करून देतात. अंड्याची ॲलर्जी असेल तरी सांगा. एकदा घेतलं की आता जन्मभर चालतं, २०१६ पासून दहा वर्षांची मुदत काढून टाकलीये.

नदीचं विचाराल तर पहिल्या संध्याकाळी काहीच झालं नाही. कळप उतारावर आला, पुढचे दोन-चार झेब्रे पाण्यापर्यंत गेले, प्यायले, आणि मागे वळले, की मागचे सगळे धूळ उडवत पळाले. शेजारच्या गाडीतले लोक वैतागून निघून गेले, त्यांना लांब परतायचं होतं. मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं फक्त. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला गाईडने गाडी काठापासून बरीच मागे झुडपाआड लावून इंजिन बंद केलं. कळप पाण्यात शिरेपर्यंत गाड्यांनी पुढे जायचं नसतं, वाट अडवली तर तो उतरतच नाही. बाबा श्रावण पाळतात म्हणून कॅम्पवाल्यांनी त्यांना वेगळा डबा दिला होता, उकडलेले बटाटे आणि चपाती. ती चपाती हातात तशीच राहिली, कारण एक वाइल्डबीस्ट उतारावरून घसरत पाण्यात पडला आणि मग मागून धो धो सगळे. आवाज म्हणजे शेकडो बेडूक एकदम ओरडावेत तसा घशातला. खालच्या वळणावर आधीच्या दिवसांतले मेलेले अडकले होते, त्यावर गिधाडं आणि मोठे मराबू करकोचे, आणि वारा आमच्याकडे फिरला तसा वास असा आला की मुलाने रुमाल काढला. मगर एकच दिसली, तीही काही न करता. बाबांना प्रवाहाचंच पडलं होतं, पाणलोट कुठला, पुढं जाते कुठं. गाईडने सांगितलं केनियातल्या माऊच्या जंगलातून येते आणि व्हिक्टोरिया सरोवराला मिळते, तेव्हा त्यांचं समाधान झालं.

राहिलेलं एक, पार्कची परमिट २४ तासांच्या हिशोबाने असतात. गाडीने दक्षिणेकडून येत-जात असाल तर सेरेंगेटीच्या नाबी हिल गेटवर वेळ लिहिली जाते, त्या वेळेच्या पुढे बाहेर पडलात तर आणखी एका दिवसाची फी. आमच्या जुन्या एजंटच्या कागदात शेवटच्या दिवशी "फुल डे गेम ड्राइव्ह" (दिवसभर गाडीतून प्राणी बघणं) करून संध्याकाळी बाहेर असं होतं, ती जास्तीची फी कोण भरणार होतं देव जाणे.

निळे आणि काळे कपडे नेऊ नका, त्से-त्से माशा त्या रंगांवर येतात आणि जीन्सवरूनही चावतात. छोट्या विमानात माणशी १५ किलो, तेही मऊ बॅगेत, चाकांची कडक सूटकेस घेत नाहीत. प्लास्टिकच्या पिशव्यांवर १ जून २०१९ पासून बंदी आहे, पर्यटकांना पण, त्यामुळे चिवडा-चकल्या न्यायच्या तर डब्यात न्या. आणि ऑगस्टमध्ये एन्गोरोंगोरोच्या कड्यावर रात्री कडाक्याची थंडी असते, आफ्रिका म्हणून स्वेटर घरी ठेवू नका.