तुम्ही विचारलंत म्हणून: अधिकार नाहीत, तर समितीत बसता कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तुम्ही म्हणजे कोणी एक नव्हे. भाजी घेताना विचारणारे, लग्नाच्या पंगतीत विचारणारे, आणि रात्री साडेदहाला ‘बागेतला दिवा गेलाय हो’ म्हणून फोन करून शेवटी तिथंच येणारे. बेळगाव महापालिकेच्या वॉर्ड समितीला काही अधिकार नाहीत असं तुम्हीच म्हणता, मग तिच्यात बसता कशाला? आजवर मी याला वेळ मारून नेणारी उत्तरं दिली. नगरसेवकांनी आग्रह केला. घरी बसून काय करू. बाई हवी होती. शेवटचं खरंच आहे. नगरसेवक अध्यक्ष आणि नेमलेले दहा सदस्य, त्यात निदान तीन बायका लागतात. त्यात मला कन्नड वाचता येतं. पतसंस्थेत जन्म गेला, कागद वाचायची सवय आहे. झाली नेमणूक.

आधी माझ्याकडे काय नाही ते सांगून टाकते, म्हणजे निम्मे फोन कमी होतील. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोतली झाडं माझ्याकडे नाहीत, ती जागा राज्याच्या आरोग्य खात्याची. कॅम्पातल्या बागा कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या. बुडानं, म्हणजे बेळगावच्या नगर विकास प्राधिकरणानं, पाडलेल्या लेआउटमधल्या बागा महापालिकेकडे येईपर्यंत बुडाच्या. 2016 साली बेळगाव स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आलं, तेव्हा निघालेली कामं आणखी तिसऱ्यांची. झाड तोडायचं तर 1976 चा वृक्ष संरक्षण कायदा आणि वृक्ष अधिकारी. आणि फाटकावरच्या पाटीत मराठी का नाही, हे कृपा करून मला विचारू नका. जे 1956 पासून दोन राज्यांना सुटलं नाही, जे 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, ते मी बागेच्या फाटकावर कसं सोडवू? 58 वॉर्डांच्या शहरातल्या एका वॉर्डाच्या समितीत मी आहे. माझ्या वाट्याला एक बाग, तिच्यातला चालायचा ट्रॅक आणि नाल्याच्या कडेनं मागच्या गल्लीत उतरणारी पायवाट. संपलं.

या एवढ्याचंही आम्ही करतो काय? बघतो आणि लिहायला लावतो. समिती टेंडर काढत नाही, बिल देत नाही, माळ्याला ठेवत नाही की काढत नाही. घटनेची 74 वी दुरुस्ती 1993 साली लागू झाली, बागा आणि मैदानं हा विषय शहराच्या कारभाराचा म्हणून बाराव्या अनुसूचीत गेला, तीन लाखांवर वस्तीच्या शहरात वॉर्ड समित्या असाव्यात असं ठरलं. 2011 च्या जनगणनेतच बेळगाव पावणेपाच लाखांच्या पुढं होतं. म्हणजे समिती असायलाच हवी. तिचं ऐकायलाच हवं असं मात्र कुठं लिहिलेलं मला सापडलेलं नाही. कागदावर ठेकेदाराचे दोन माळी आणि बागेत एक, एवढं आम्ही नोंदवहीत चढवतो. ती नोंद बिलाला जोडली गेली तर ठेकेदार रस्त्यात नमस्कार करतो, नाही तर ओळख देत नाही. ट्रॅकवर पेव्हर घालायचे ठरले तेव्हा गुडघेदुखीवाले म्हणाले माती राहू दे, बाकीचे म्हणाले पावसाळ्यात चिखलातून चालायचं काय? दोघांचं लिहून घेतलं. आता अर्ध्या ट्रॅकवर पेव्हर आहेत आणि अर्ध्यावर माती. तुम्हाला हसू येतं, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेळगावात चालून बघा, मग बोलू.

आता हॉलचं. विचारणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना खरं तेच विचारायचं असतं, तोंडानं समिती म्हणतात एवढंच.

बागेच्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागं, एक कोपरा रिकामा आहे. तिथं समुदाय भवन व्हावं असा अर्ज आमच्या गल्लीच्या मंडळानं दिला. मंडळ म्हणजे परकं नाही. आमचे मिस्टर त्याच मंडळात वाढले. आमच्या घरच्या मयतीला, लग्नाला पहिले धावून येतात ते त्याच मंडळाचे लोक. अर्जाखाली पानंच्या पानं सह्या होत्या, त्यात माझ्या जावेचीसुद्धा. बैठक मराठी शाळेत, सातवीच्या वर्गात होती. मोठी माणसं त्या बाकांवर गुडघे आखडून बसलेली, उरलेली भिंतीला टेकून.

लेआउटचा नकाशा मी मिळवला होता. बाकावर पसरला, तो पुन्हा गुंडाळायला लागला म्हणून एका टोकावर डस्टर ठेवलं, दुसऱ्यावर कुणाची तरी पाण्याची बाटली. झेरॉक्सची झेरॉक्स. घडीवर फाटलेली, प्लॉटचे नंबर निम्मे उडालेले. पण बागेवरच्या तिरक्या रेघा दिसत होत्या आणि त्या टाकीपाशी थांबत नव्हत्या, मागं कंपाउंडपर्यंत जात होत्या. म्हणजे तो कोपरा बागेला लागून असलेला नव्हे, बागच. इंजिनिअरनी त्या रेघांवरून बोट फिरवलं, टाकीपाशी क्षणभर थांबवलं, पुढं नेलं, आणि काही न बोलता बोट उचललं.

मग मी 1985 चा कायदा वाचला. कर्नाटकात बाग, मैदान, मोकळी जागा म्हणून राखलेली जमीन दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. विकता येत नाही, भाड्यानं देता येत नाही, बक्षीसही देता येत नाही. बेंगळूरचा दाखला दिला. तिथं राजमहाल विलास एक्स्टेन्शनमध्ये बागेसाठी राखलेली जागा नर्सिंग होमला दिली होती. रहिवासी कोर्टात गेले आणि 1991 साली सुप्रीम कोर्टानं ते देणं रद्द ठरवलं. नर्सिंग होमला जिथं जमलं नाही, तिथं हॉलला कसं जमेल?

मंडळाचे आण्णा म्हणाले, “बेंगळूरचं बेंगळुरात. हितं आमच्या लोकांस्नी कार्याला जागा न्हाई, ते बोला.”

माझ्या बाजूनं एकच माणूस बोलला, आणि तेच नडलं. समितीतले निवृत्त मास्तर घरचे कन्नड भाषिक. जन्म खडेबाजारातला, मराठी तुमच्या-माझ्याइतकंच. ते उठून म्हणाले, बाई सांगतात ते बरोबर आहे. झालं. इतका वेळ बागेची चाललेली चर्चा तिथून मराठी-कानडीची झाली. मागून कुणीतरी म्हणालं, “मंडळ मराठी, म्हटल्यावर मास्तर आडवा येणारच की. पण ताई, तुम्ही?” मास्तर खाली बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. त्यानंतर त्या बैठकीत ते बोलले नाहीत.

आणि मग वहिनी उठल्या. गल्लीतल्या सगळ्यांच्या वहिनी. लग्न होऊन मी आले तेव्हा शिवण त्यांनी शिकवलं. माझी पहिली बाही उलटी बसली ती हसत उसवून दिली ती त्यांनीच. त्या कधी चारचौघांत बोलत नाहीत. त्या दिवशी पदर खांद्यावरून घेऊन पुढं आल्या.

“मी काय म्हणतो,” त्या म्हणाल्या, “डोहाळजेवण रस्त्यावर मांडव घालून करायचं. पाऊस आला की ताटं उचलून पळायचं. बारशाला पाळणा कुठं टांगायचा त्याची पंचाईत. हॉलवाले भाडं सांगतात ते ऐकूनच आम्ही माघारी येतो. तुझ्या दारात अंगण हाय. म्हणून तुला बाग सुचतीया.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. माझ्या दारात अंगण आहे, अंगणात पारिजातक आहे, ते सगळं वहिनींनी बघितलेलं आहे. त्यांचं घर दोन खोल्यांचं, दार उघडलं की थेट गटारीवरची फरशी. नकाशातल्या रेघा त्यांना काय दाखवायच्या? मी एवढंच म्हटलं की माझा विरोध नावासकट लिहून घ्या. लिहिणाऱ्यानं नगरसेवकांकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, त्यानं लिहिलं. मास्तरांचंही नाव लिहिलं. बाकी सगळे हॉलच्या बाजूनं होते, ठरावही तसाच झाला.

नीट ऐका, ठराव हॉलच्या बाजूनं झाला. आम्ही हरलो. फाइल वर गेली, सोबत नकाशाची प्रत आणि आम्हा दोघांचा विरोध. हॉल आजवर झालेला नाही. कायद्यामुळं, नकाशामुळं, की निधी नव्हता म्हणून, हे कुणी आम्हाला कळवलेलं नाही आणि सल्ला देणाऱ्याला ते कळवतही नाहीत. गल्लीत मात्र निकाल त्याच संध्याकाळी लागला होता. ह्या बाईनं हॉल घालवला. तुमच्या समितीला विचारतो कोण म्हणून हिणवणारेही तेच आणि तुमच्यामुळं हॉल गेला म्हणणारेही तेच. अहो, दोन्हीतलं एक काहीतरी ठरवा. मी बिनकामाची असेन तर हॉल माझ्यामुळं गेला नाही, आणि माझ्यामुळं गेला असेल तर बसता कशाला हे विचारू नका.

त्या संक्रांतीला वहिनींच्या घरून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. माझ्या घरी त्या आल्या नाहीत, सुनेबरोबर तिळगूळ पाठवला. सून दारातूनच परत गेली.

मिस्टर म्हणतात, तू बरोबर होतीस पण शहाणी नव्हतीस. त्या वर्गात बोलणाऱ्या बाईशी मी अजून भांडते. ती फार ठामपणे बोलत होती. आज टाकीमागच्या त्या कोपऱ्यात कमरेएवढं गाजरगवत आहे, रात्री तिथं कोण बसतं ते सकाळी बाटल्या सांगतात, आणि संध्याकाळी मुली त्या बाजूनं चालत नाहीत, टाकीपासूनच वळतात. तेव्हाची मी म्हणते, गवत उपटता येतं, स्लॅब उपटता येत नाही. आजची मी म्हणते, मग उपट की. त्यावर दोघी गप्प, कारण गवत काढायचं काम ज्या टेंडरमध्ये बसतं ते आमच्या हातात नाही. नोंद केलेली आहे. दर बैठकीत होते.

एक गोष्ट मला त्या बैठकीनंतर वाचताना सापडली, आणि ती आधी का वाचली नाही याचा राग अजून जात नाही. 1987 च्या नगर विकास प्राधिकरण कायद्यात प्राधिकरणाच्या लेआउटसाठी दोन वेगळे आकडे आहेत. किमान 15 टक्के जागा बागा-मैदानांना, आणि त्याशिवाय किमान 10 टक्के नागरी सुविधांना. म्हणजे शाळा, दवाखाना, समाजाचा हॉल अशा कामांसाठी जागा वेगळी धरायची आहे, बागेतून काढायची नाही. आमचा लेआउट त्या कायद्याच्या आधीचा, त्यामुळे हा आकडा सरळ लागू होत नाही. तरी आसपासच्या नव्या वसाहतींत अशी जागा कुठं पडून आहे का, हे मी शोधायला घेतलंय. सापडली तर मंडळाच्या अर्जावर सही करीन असं आण्णांना सांगितलं. आण्णा म्हणाले, “आता गोड बोलू नका, ताई.” बरोबरच आहे त्यांचं. बागेतला हॉल दारापासून चार पावलांवर होता, नव्या वसाहतीतला हॉल म्हणजे रिक्षाचं भाडं आलं.

तर बसता कशाला. एक, मी उठले तर त्या खुर्चीत कोण बसेल हे मला माहीत आहे, आणि तो माणूस नकाशा उलगडणार नाही. दोन, कागद आधी बघायला मिळतो याची सवय लागली आहे, आणि त्यात थोडा तोरा आहे. नाही म्हटलं तर खोटं होईल. यातलं पहिलं कारण मी लोकांना सांगते, दुसरं आज पहिल्यांदा सांगितलं.

सध्या त्या कोपऱ्याचा विषय पुन्हा आलाय. यावेळी मंडळाला तिथं ओपन जिम हवंय. व्यायामाची लोखंडी साधनं बागेत बसतात, त्यानं बागेची बाग राहते असं माझं मत आहे, म्हणून मी पाठिंबा देणार आहे. मास्तरांचं म्हणणं वेगळं आहे. साधनांना काँक्रीटचा चौथरा लागतो, आज चौथरा झाला की उद्या त्यावर पत्रे येतात, परवा भिंती. पत्रे घालायचे नाहीत अशी अट ठरावातच लिहून घेऊ, असं मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, लिहून घेऊन काय होतं ते आपण दोघांनी बघितलंय. तेव्हापासून तेही माझ्याशी कामापुरतं बोलतात. बैठक पुढच्या आठवड्यात आहे, अटीचा मसुदा मी करतेय, कन्नडमध्ये. तो तपासून द्यायला मास्तरांशिवाय दुसरं कोणी नाही.